आयडल म्हणजे आळशी नव्हे!

मंडळी, आज एका इंग्रजी क्रियापदाची पिसं काढायची आहेत. शब्द साधाच आहे : 'टू आयडल'. (गाण्याच्या स्पर्धेतला आयडल वेगळा, त्याला आपण हात लावत नाही.)

शाळेच्या डिक्शनरीत याचा अर्थ दिलेला असतो : आळसात वेळ घालवणे, काही न करता बसणे. आपण तो पाठ केला, दहावीत एक मार्क मिळवला आणि विसरलो. पुढे नोकरी लागली आणि तोच शब्द टाइमशीटच्या एका कॉलममध्ये जाऊन बसलेला दिसला. 'आयडल टाइम'. मग मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "तो दोन आठवडे आयडल आहे." वाक्य बोलायला चार सेकंद लागतात, पण ऐकणाऱ्या सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र उभं राहतं : बेटा खुर्चीत रेलून क्रिकेटचा स्कोअर बघतोय. झालं! अप्रेझलच्या वेळी हे चित्र बरोब्बर आठवतं.

माझं म्हणणं असं की हा अर्थच चुकीचा लावला जातोय. आणि चुकून नाही, सोयीने लावला जातोय.

आधी शब्दाकडे बघू. जुन्या इंग्रजीत 'आयडल'चा मूळ अर्थ होता रिकामा, पोकळ. बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात सृष्टीच्या सुरुवातीच्या ओसाड पृथ्वीलासुद्धा हेच विशेषण लावलंय. आता पृथ्वी काय टंगळमंगळ करत होती? ती नुसती रिकामी होती. हा रिकामेपणाचा अर्थ आजही टिकून आहे. 'आयडल थ्रेट' म्हणजे आळशी धमकी नव्हे, पोकळ धमकी. माणसाच्या आळसाचा अर्थ याच रिकामेपणातून पुढे आला. आणि तो तरी सगळ्यांना शिवीसारखा वाटत होता का? ज्या सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश काढला, त्यानेच १७५८ ते १७६० या काळात 'द आयडलर' नावाने दर शनिवारी निबंधमाला चालवली. शब्दकोश रचणाऱ्या माणसाला या नावाची लाज वाटली नाही, आपल्याला मात्र टाइमशीट भरताना घाम फुटतो.

विसाव्या शतकात हे क्रियापद इंजिनाला लागलं. गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी आहे, इंजिन आठशेच्या आसपास आरपीएमवर गुरगुरतंय, याला म्हणतात आयडलिंग. इंजिन बंद नाही. हिरवा दिवा लागला की क्षणात निघायला ते तयार आहे. तुमच्या गाडीचं आयडलिंग बिघडलं तर तुम्ही ती मेकॅनिककडे नेता, कारण नीट थांबता न येणारी गाडी नीट चालतही नाही.

आणि आपण तर कॉम्प्युटरवाले! विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टम आयडल प्रोसेस' नावाची ओळ असते. मशीनवर काही विशेष चालू नसेल तर तिच्यासमोर ९५-९८ टक्के असा आकडा दिसतो. नवखा माणूस तो बघून घाबरतो आणि प्रोसेस बंद करायला जातो. आपण त्याला हसतो. कारण आपल्याला माहीत असतं की तो आकडा म्हणजे प्रोसेसर मोकळा असल्याचं माप आहे. काम नसेल तेव्हा प्रोसेसर हॉल्टची सूचना पाळून थांबतो, इंटरप्ट आला की लगेच जागा होतो. कीबोर्डवर बोट पडताक्षणी अक्षर उमटतं ते या मोकळेपणामुळे. मशीनच्या बाबतीत हे इतकं स्वच्छ कळणारी आपली जमात माणसाच्या बाबतीत मात्र त्या नवख्यासारखी वागते. ९८ टक्के आयडल दिसलं रे दिसलं की एण्ड टास्क!

आता खरी मेख. 'आयडल' हे क्रियापद सकर्मकही आहे. २०२१ साली जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा कारखाने 'आयडल' केले गेले, कामगार 'आयडल' झाले, अशा इंग्रजी बातम्या यायच्या. यातला एकही कामगार स्वतःहून बसला नव्हता. चिप आली नव्हती म्हणून त्याला बसवलं होतं. म्हणजे इंग्रजीलाही ठाऊक आहे की आयडल होणं आणि आयडल केलं जाणं यात फरक आहे. आपल्या एक्सेल शीटला मात्र तो ठाऊक नाही.

एका मित्राचं उदाहरण देतो. कंपनीचं नाव कशाला, सगळीकडे हेच. तो नव्या प्रोजेक्टवर गेला. क्लायंटच्या सर्व्हरचा ॲक्सेस यायला अकरा दिवस लागले. रिक्वेस्ट तीन जणांच्या मंजुरीत अडकली होती, त्यातला एक सुट्टीवर. मित्राने रोज मेल टाकला, डॉक्युमेंट्स वाचून काढली, शेवटी शेजारच्या टीमचे बग्ज सोडवून दिले. महिन्याच्या रिपोर्टमध्ये त्याच्या नावापुढे काय आलं? आयडल : अकरा दिवस. ज्याने मंजुरी अडवली त्याच्या नावापुढे काय आलं? काहीच नाही. तो तर सुट्टीवर होता ना!

या प्रकाराला मराठीत अचूक क्रियापद आहे : खोळंबणे. मुसळधार पावसात मध्य रेल्वेची वाहतूक खोळंबते. कुर्ल्याला उभ्या असलेल्या लोकलला कुणी आळशी म्हणतं का? आणि 'खोळंबा' म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कशामुळे? कुणामुळे? रुळांवर पाणी आलं की सिग्नल बिघडला? 'आयडल' म्हटलं की हा प्रश्नच मरतो. खोळंबा करणारा सुटतो, खोळंबलेला अडकतो. मला राग आहे तो या भाषिक हातचलाखीचा.

यावर मॅनेजर मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, "युटिलायझेशन शंभर टक्के असायला हवं." बरं, मग थोडं गणित करू. रांगांचं साधं शास्त्र, इंजिनीअरिंगला आपण घोकलेलंच. कामं आपापल्या वेळी, अनियमित येतात आणि एक माणूस ती करतो. एका कामाला सरासरी एक तास लागतो. माणूस ५० टक्के वेळ गुंतलेला असेल तर आलेलं काम पूर्ण होऊन बाहेर पडायला सरासरी दोन तास लागतात. ८० टक्के असेल तर पाच तास. ९० टक्क्यांना दहा. ९५ ला वीस! आणि शंभर टक्क्यांना रांग कधी संपतच नाही. म्हणजे तुमचा शंभर टक्के गुंतलेला माणूस हाच बाकी सगळ्यांना आयडल करतो. त्या तीन मंजुरीवाल्यांचंच बघा ना, कॅलेंडरमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून माझा मित्र अकरा दिवस बसून.

आणि रिकामं दिसायची भीती बसली की माणसं काय करतात? कामाचा देखावा. चॅटवरचा हिरवा ठिपका पाचेक मिनिटांत पिवळा होतो, म्हणून माउस हलवत ठेवणारी यंत्रं बाजारात आली. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने २०२४ मध्ये डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कारण कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्या लोकांची बाजू मी घेत नाही. पण ठिपक्याचा रंग हीच मेहनतीची मोजपट्टी केलीत, तर लोक ठिपकाच रंगवणार!

"म्हणजे कामचुकार लोक नसतातच का?" असतात की. भरपूर असतात. त्यांच्यासाठी आपल्या मायबोलीत ढीगभर शब्द आहेत. टंगळमंगळ करणे, चकाट्या पिटणे, माशा मारणे, उंडारणे... हवा तो घ्या आणि त्या माणसाला समोर बसवून सांगा, "बाबा रे, तू टंगळमंगळ करतोयस." पण हे म्हणायला पुरावा लागतो आणि थोडी हिंमत. 'आयडल' म्हणायला नुसता कॉलम लागतो.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. टाइमशीटमधून 'आयडल' हा कॉलम काढा आणि तिथे 'खोळंबा' घाला. त्यात तीन रकाने : कशासाठी थांबलाय, कुणाकडे अडलंय, किती दिवस. एका महिन्यात कळेल की कंपनीचा वेळ कोण खातंय. आणि माझा अंदाज आहे की त्या यादीत बेंचवरची पोरं फारशी सापडणार नाहीत.

तोवर पुढच्या मीटिंगमध्ये "तो आयडल आहे" असं कानावर आलं, तर एकच प्रश्न विचारा : "कुणी केलं?" शांतता किती वेळ टिकते ते मोजा, आणि तो वेळसुद्धा आयडल टाइममध्येच टाका. :)