उशाशी बसण्याचा खाडा

मरणाऱ्या माणसाला औषधाबरोबर मनाची, आत्म्याची सोबत हवी, असं हल्ली शहाणी माणसं बोलतात. बरोबर बोलतात. माझा सवाल एवढाच : उशाशी बसणाऱ्याची हजेरी कोण भरणार?

माझा बाप गोदीत गोणी वाहून झिजला. तोंडाच्या कॅन्सरनं गेला. मीही गोदीतच, कंत्राटी. काम केलं तर रोज, नाही तर खाडा. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं केसपेपर हातात दिला. म्हणाला, घरी न्या, आता करण्यासारखं काही नाही. करण्यासारखं काही नाही? बाप रात्रभर भिंतीवर डोकं आपटत होता. कळ जरा ओसरली की एकच विचारायचा, "मी कुणाचं काय वाईट केलं व्हतं रं?"

कुणीतरी एक बुवा आणला. तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला : मागल्या जन्मीचे भोग आहेत, नाव घ्या, सुटाल.

हेच ते प्रारब्ध! ह्याच्याच जोरावर माझ्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवला. गावात मयत झालं की सांगावा घेऊन गावोगाव पळायचं महारानं. सरणाची लाकडं वाहायची महारानं. तुमच्या मरणाला आमचे पाय लागत होते. आमच्या मरणाला तुम्ही काय दिलंत? प्रवचन! मरणाऱ्याला पापी ठरवणं ही सोबत नव्हे, ही शेवटची अस्पृश्यता आहे.

आम्ही आत्मा मानत नाही. म्हणून आम्हाला सोबत नको असं समजू नका. विनयपिटकात गोष्ट आहे. एक भिक्खू हगवणीनं स्वतःच्याच घाणीत पडलेला. बाकीचे ढुंकून बघेनात, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. प्रवचन झालं ते नंतर, आणि तेही न बघणाऱ्यांना!

लंडनच्या सिसिली सॉन्डर्सची वाटही अशाच एका माणसाच्या उशाशी सुरू झाली. डेव्हिड टास्मा, पोलंडचा ज्यू, हॉटेलातला वेटर. १९४८ साली मेला, तिच्यासाठी पाचशे पौंड ठेवून. १९६७ मध्ये तिनं मरणाऱ्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. शरीराचं, मनाचं, घरादाराचं आणि जगण्याच्या अर्थाचं दुखणं एकच, असं ती सांगायची. पण आधी मॉर्फीन द्यायची, ठरल्या वेळेला, कळ उठायच्या आत.

ज्या अफूतून मॉर्फीन निघतं ती आपल्याच मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्यानं पिकते. १९८५च्या कायद्यानं हे औषध परवान्यांच्या ढिगाखाली गाडलं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. माझ्या बापापर्यंत ते पोचलं नाही. बांद्र्याला १९८६पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. आम्हाला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही.

मग सोबत केली कुणी? पलीकडच्या खोलीतल्या मावशीनं. झाडूकामगार बाई. काम आटोपून यायची, जखम पुसायची, चमच्यानं पाणी पाजायची. वासानं तोंड फिरवलं नाही. बापानं तिलाही तोच सवाल केला. ती म्हणाली, "काय बी वाईट केलं नाय तुमी, दादा. तुमी उचललेला गहू अख्ख्या मुंबईनं खाल्लाय." त्या रात्री बाप निजला.

तो गेला तेव्हा मी जहाजावर होतो. तीन खाडे झालेले. चौथ्याला मुकादम नाव कापणार होता.

म्हणून मागणी करायची ती अशी : प्रत्येक सरकारी दवाखान्यात मॉर्फीन आणि ते द्यायला शिकलेला माणूस. घरी येणारी नर्स. आणि कंत्राटी कामगाराला आईबापाच्या उशाशी बसायला भरपगारी रजा. ह्यातलं काहीच न मागता मरणाऱ्याच्या मन:शांतीवर बोलणाऱ्यांनी तोंड बंद ठेवावं.

आणि दोस्तांनो, मागणी मान्य होईस्तोवर मरण थांबत नाही. वस्तीवस्तीत पाळ्या लावा. आमच्या चाळीत एक म्हातारा खाटेला खिळलाय. माझी पहिली पाळी आहे, संध्याकाळी सातनंतर मी मोकळा. माझं नाव लिहून घ्या.