शेरा द्या, दया नको

भिलाईत मी पदवीच्या वर्गाला शिकवतो. पोलाद कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांची मुलं तपासलेली उत्तरपत्रिका उलटसुलट बघतात: फक्त गुण, शेरा एकही नाही. 'कोट्यातून आलेत, त्यांना काय सांगायचं?' हे स्टाफरूममध्ये मी स्वतः ऐकलंय. ही नवी शिवाशिव आहे, आणि ती लाल पेनानं पाळली जाते. शिक्षकांकडून पुरेसं साहाय्य मिळत नाही, असं एम्समधल्या बहुतेक दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी थोरात समितीला सांगितलं, त्याला २००७ पासून किती वर्षं झाली! बाबासाहेबांच्या रुपयावरच्या प्रबंधाला १९२३ साली प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, तीत आपले मतभेदही छापले. बरोबरीचा मानला की माणूस वाद घालतो. मित्रांनो, पास झालात तरी विचारा: सर, कुठं चुकलं? लेखी द्या.