आधी निदान, मग ग्राफिक्स कार्ड

वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत खेळाच्या संगणकावर लेख पाहून ज्येष्ठ सभासदांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. नेत्रतज्ज्ञाने काचबिंदूवर लिहावे, मोतीबिंदूवर लिहावे, हा आपला शिरस्ता. परंतु गेल्या काही वर्षांत चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यातील व्यवसायबंधूंच्या घरी जाणे होते, तेव्हा चहा संपण्याच्या आत एक प्रश्न हमखास निघतो. बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला ‘फोर-के’वर खेळ चालवणारा संगणक हवा आहे. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून आई गप्प आहे आणि वडील मला विचारत आहेत, “डॉक्टर, डोळे खराब होतात असे जरा तुम्हीच सांगा ना!”

मी तसे सांगत नाही. या प्रश्नाला आपल्या घरांतून दोनच उत्तरे दिली जातात. एक, “मुळीच नाही.” दुसरे, “घे बाबा, एकदाचा सगळ्यांत भारी घे.” माझ्या मते ही दोन्ही उत्तरे विचार टाळण्यासाठी दिलेली आहेत. दवाखान्यात रुग्णाने नाव घेऊन मागितलेले इंजेक्शन आपण तपासल्याशिवाय देत नाही आणि तपासल्याशिवाय नाकारतही नाही. मग घरात संगणकाच्या बाबतीत ही शिस्त का सुटावी? उच्च रेझोल्यूशनच्या संगणकाचे नियोजन ही निदानाचीच एक रीत आहे, आणि ती मुलांना आपल्याइतकी चांगली दुसरे कोणी शिकवू शकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम आकडे पाहू. आपल्या घरी असतो त्या साध्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. ‘१४४०’ म्हणतात तो मधला पडदा ३७ लाखांच्या घरात जातो. आपल्या रेडिऑलॉजिस्ट मित्रांना तुलना हवी असेल तर मॅमोग्राफीसाठी वापरतात तो मॉनिटर सहसा ५० लाख ठिपक्यांचा असतो. अर्थात तेथील चित्र स्थिर असते. खेळात मात्र हे ८३ लाख ठिपके सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने रंगवायचे असतात, म्हणजे एका चित्रासाठी १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ हाती राहतो.

हे काम कोण करते? प्रोसेसर खेळाची गणिते करतो: कोण कुठे उभा आहे, भिंत कोसळली की नाही, शत्रू कोणत्या बाजूने आला. हे काम पडदा लहान असो वा मोठा, जवळजवळ तेवढेच राहते. ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. त्यात हजारो छोटे गणनघटक एकाच वेळी राबतात. पुण्याच्या सी-डॅकमध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तेव्हा हेच तत्त्व मराठी वर्तमानपत्रांतून सोपे करून सांगितले जात असे: एका बलाढ्य गड्याऐवजी अनेक साधे गडी एकत्र कामाला लावायचे. ग्राफिक्स कार्ड हे त्या विचाराचेच भावंड म्हणता येईल. म्हणून पडदा चौपट झाला की भार कार्डावर चौपटीच्या आसपास पडतो आणि प्रोसेसरवर फारसा पडत नाही. एवढे समजले की निम्मा अनावश्यक खर्च टळतो; कारण दुकानात पहिला आग्रह बहुधा महागड्या प्रोसेसरचाच होतो.

यावर एक साधी तपासणी आहे आणि तिला पैसा पडत नाही. खेळ चालू असताना कार्ड किती टक्के कामात आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवता येते. ते सतत ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर अडसर कार्डाचा. ते ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असूनही खेळ अडखळत असेल, तर रेझोल्यूशन मुद्दाम खाली आणून पाहावे. गती वाढली नाही तर दोष प्रोसेसरचा, किंवा क्वचित रॅमचा. औषध बंद करून लक्षण जाते का, हे पाहण्यासारखेच हे आहे.

आमच्या घरी हा प्रयोग कन्येने केला. तिचा संगणक २०२१ साली जुळवलेला: रायझन ३६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १२ जीबी स्मृतीचे आरटीएक्स ३०६० कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटर. तिची मागणी होती ‘सगळेच नवे’. मी म्हटले, तीन आठवडे नोंदी ठेव, मग बोलू. तिने वहीत प्रत्येक खेळाची नोंद केली. बहुतेक खेळांत कार्ड थकत होते. एका नगररचनेच्या खेळात मात्र शहर वाढले की प्रोसेसर दमत होता. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तिची यादी तीन वस्तूंवर आली. त्यात माझा वाटा एवढाच, की मी वही मागितली.

याच्या उलट उदाहरण एका स्नेह्यांच्या घरचे आहे. मुलाला परीक्षेच्या यशाबद्दल महागडे कार्ड घातलेला तयार संगणक मिळाला. खेळ रंगात आला की संगणक एकदम बंद पडे. वडिलांनी निष्कर्ष काढला की मुलगा अति खेळतो, यंत्र तापते. खेळ बंद झाला, संगणक हॉलमध्ये आला, बापलेकांत आठ महिने धड बोलणे नव्हते. पुढे कोणीतरी कॅबिनेट उघडून पाहिले, तर आत कार्डाच्या भुकेला न पुरणारा हलका एसएमपीएस होता. कार्डाने पूर्ण शक्ती मागितली की तो हात टेकत असे. तो बदलला आणि तक्रार संपली. मुलगा आता वसतिगृहात असतो. त्या आठ महिन्यांची भरपाई कशी व्हावी, हे मला माहीत नाही. चुकलेल्या निदानाची शिक्षा रुग्णाला होते, हे आपल्याला पाठ आहे. येथे ती मुलाला झाली.

म्हणून माझ्या क्रमात कार्डाआधी एसएमपीएस येतो. आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागत होते. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या १६ जीबीच्या ५०७० टीआयला ३०० लागतात आणि त्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवला जातो. त्याच वर्षीचे सर्वांत वरचे ५०९० तर एकटेच ५७५ वॅटपर्यंत जाते. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा युपीएस जेमतेम ३६० वॅट देतो, म्हणजे नवे कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याच्या आवाक्याबाहेर जातात. चांगला एसएमपीएस दोन-तीन कार्डांच्या आयुष्याला पुरतो, आणि तरीही काटकसर नेमकी तिथेच केली जाते.

आपल्या हवेचाही विचार हवा. संगणक जेवढी वीज खातो, ती सगळी शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते. ४५० वॅटचा संगणक दीड टनाच्या एसीच्या क्षमतेचा सुमारे बारावा हिस्सा एकटा व्यापतो. मे महिन्यात दुपारी बंद खोलीत बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रोज तीन तास धरले तर महिन्याला ४० युनिट होतात. शिवाय आपल्या भोवती कापडाच्या गिरण्या आहेत. हवेतले बारीक तंतू पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर बसतात. दर दोन महिन्यांनी मऊ ब्रशने जाळी साफ केली, तर काही वेळा नवा पंखा घ्यायची वेळच येत नाही.

आता माझ्या विषयाकडे वळतो. फोर-के डोळ्याला दिसते तरी का? सहा-षष्ठांश दृष्टी म्हणजे एका मिनिटाच्या कोनाएवढा तपशील वेगळा ओळखणे. ६० सेंटिमीटर अंतरावर हा कोन सुमारे ०.१७५ मिलिमीटर भरतो, ८० सेंटिमीटरवर ०.२३३. २४ इंची फुल एचडी पडद्याचा ठिपका ०.२७७ मिलिमीटरचा, २७ इंची १४४० चा ०.२३३ चा आणि २७ इंची फोर-केचा ०.१५६ चा असतो. म्हणजे हातभर अंतरावर बसणाऱ्याला १४४० चे ठिपके किंचित जाणवतील, फोर-केचे जाणवणार नाहीत. ८० सेंटिमीटरवर बसणाऱ्याला मात्र १४४० चे ठिपकेही वेगळे दिसण्याच्या सीमारेषेवरच आहेत. एवढ्यावर काही मंडळी फोर-के म्हणजे थोतांड असा निकाल देतात. तो मला मान्य नाही. आपल्या डोळ्याची ‘व्हर्निअर’ तीक्ष्णता, म्हणजे दोन रेषा एका ओळीत आहेत की नाहीत हे ओळखण्याची शक्ती, साध्या तीक्ष्णतेहून कित्येक पट सूक्ष्म असते. तिरक्या कडेवरचा पायऱ्यापायऱ्यांचा दातेरीपणा त्यामुळेच खुपतो. आणि अक्षरे? फोर-केवर देवनागरी जोडाक्षरे छापील पुस्तकासारखी वाचता येतात. आमच्या कन्येला आम्ही प्रथम मॉनिटर घेतला, त्यामागे हेही कारण होते. खेळ दोन तास, वाचन पाच तास.

डोळे खराब होण्याच्या भीतीविषयी एवढेच सांगतो. २५ सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी डोळ्याला ४ डायॉप्टरचे समायोजन करावे लागते. ८० सेंटिमीटरवरच्या मॉनिटरसाठी सव्वा. मोबाइल सहज हाती देणाऱ्या घराने मॉनिटरला घाबरावे, हे मला विचित्र वाटते. पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, हे खरे. त्यावरचा उपाय उठून गच्चीवर जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ समाविष्ट आहे. तिचे निकष आहेत स्वतःवरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींवर खेळाने मात करणे आणि हानी दिसूनही तो चालू राहणे, तेही सर्वसाधारणपणे वर्षभर. संगणकाची किंमत त्या निकषांत नाही, ठिपक्यांची संख्याही नाही.

मॉनिटर आधी घेण्याला एक तांत्रिक आधारही आहे. फोर-केच्या प्रत्येक चार ठिपक्यांत फुल एचडीचा एक ठिपका चपखल बसतो, म्हणून जुने कार्ड नव्या पडद्यावर पूर्वीच्याच रेझोल्यूशनमध्ये काही काळ चालवता येते. शिवाय एनव्हिडियाचे डीएलएसएस २०१८ पासून आणि एएमडीचे एफएसआर २०२१ पासून, चित्र कमी ठिपक्यांत रंगवून ते हुशारीने मोठे करतात. डीएलएसएसच्या ‘क्वालिटी’ पद्धतीत फोर-केसाठी आतले काम १४४० चेच असते. चाणाक्ष नजरेलाही चालत्या खेळात फरक शोधावा लागतो. जाणकारांतील काही जण यास फसवणूक म्हणतात. मी चष्मे लिहून देणारा मनुष्य, प्रतिमा सुधारून देण्यात मला फसवणूक दिसत नाही. कार्ड घेताना त्याच्या वेगाइतकीच त्याची स्मृती पाहावी. फोर-केसाठी ८ जीबी आता अपुरे पडते. १६ जीबीखाली नवे कार्ड घेऊ नये.

प्रोसेसरच्या बाबतीत घाई नको. २०१७ साली आलेल्या रायझनच्या एएम-फोर सॉकेटमध्ये, बायोस अद्ययावत केल्यावर, बहुतेक मदरबोर्डांवर २०२२ चा ५८०० एक्स-थ्री-डी देखील बसतो. त्याच वर्षी पुढची पिढी एएम-फाइव्हवर गेली आणि तेथे प्रोसेसर बदलायचा म्हणजे मदरबोर्ड आणि डीडीआर-फाइव्ह रॅमही बदलणे आले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृती-चिपांची मागणी वाढवल्याने रॅमचे भाव कडाडले. ज्यांचे यंत्र जुन्या सॉकेटवर नीट चालते आहे त्यांनी पूर्ण संच बदलण्याचा मोह आवरावा. दिलासा म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २७ इंची मॉनिटरवर तो आधीपासूनच १८ होता.

मंडळातील पालकांना माझी सूचना अशी: रक्कम वर्षाची ठरवा, वस्तूची नको. त्या रकमेत काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या नोंदीच्या आधारे, हे मुलाने लिहून आणावे. आपण त्यावर शंका विचाराव्यात, जशा आपण कनिष्ठ सहकाऱ्याच्या केस-प्रेझेंटेशनला विचारतो. मुले उत्तरे देतात, आणि बहुधा आपल्याहून चांगली देतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणू, असे म्हणणाऱ्या काका-मामांना वॉरंटीचा कागद कोण सांभाळणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

आमच्याकडे दिवाळीला मॉनिटर आला, होळीला एसएमपीएस. कार्ड परीक्षेनंतर यायचे आहे. प्रोसेसरपुढे तिने स्वतःच ‘बहुधा नको’ असे लिहून ठेवले आहे. जुना २४ इंची मॉनिटर माझ्या दवाखान्यात स्वागतकक्षात लावला असून केसपेपरच्या नोंदींना तो उत्तम चालतो.