नावापाशी अडलेला अर्ज

मिलिंद महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. नावे तेवढी वेगळी. मुस्लिम नावांना बोलावणी बरीच कमी आली.

या भेदभावाविरुद्ध बोलत राहायलाच हवे. पण तोवर उस्मानपुऱ्यातल्या तरुणांनी नुसते अर्ज टाकून वाट बघू नये. लिंक्डइनवर केलेले काम दाखवा. वाळूज, शेंद्र्यात नोकरीला असलेल्यांना मेसेज करून जागांची चौकशी करा. ओळखीचा माणूस शब्द टाकतो, तेव्हा नावाआधी काम दिसते. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

आणि ज्यांना नोकरी लागली आहे, त्यांनी मागून येणाऱ्याचा मेसेज नुसता वाचून सोडू नये.