आकडे हाताने घालू नका

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाने प्रात्यक्षिकांची पुस्तिका काढली. प्रयोग बारा, लिहिणारे प्राध्यापक पाच. प्रत्येकाने आपला भाग संगणकावर वेगळा टंकित केला आणि ते सारे एकामागे एक चिकटवण्याचे काम माझ्याकडे आले. साध्या लंबकाच्या प्रयोगात ‘समीकरण ४ वापरा’ असे वाक्य होते. जोडलेल्या पुस्तिकेत मात्र चौथे समीकरण निघाले स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे! अर्धी तुकडी लांबीच्या जागी वस्तुमान घालून बसली. चूक मुलांची नव्हती, माझी होती.

हे दुखणे नवे नाही. आमच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे हाताने नकला होत गेल्या, पाठ बदलले. म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आजही निरनिराळ्या छापील आवृत्त्यांत ओव्यांची एकूण संख्या सारखी नाही. नुसता ओवीचा क्रमांक सांगितला, तर ‘कोणत्या प्रतीतला?’ असे विचारावे लागते. क्रमांक ही ओवीची ओळख नव्हे, ती रांगेतली जागा आहे.

डोनाल्ड नूथ या गणितज्ञाने १९७८ मध्ये ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्याला पसंत पडली नव्हती. लेस्ली लॅम्पोर्टने तिच्यावर ‘लाटेक’ उभारली. तीत मजकुराबरोबर खुणा लिहायच्या: हे शीर्षक, हे समीकरण. प्रत्येक प्रयोगाची फाइल निराळी ठेवायची आणि एका मुख्य फाइलमध्ये ‘इन्क्लूड’ ही आज्ञा देऊन त्या ओळीने बोलवायच्या. कागदाचा आकार, टंक वगैरे प्रस्तावना फक्त मुख्य फाइलीत असते. नवशिके पाचही फाइली प्रस्तावनेसकट जोडतात आणि काम अडले की यंत्राला दोष देतात.

समीकरणाला क्रमांक द्यायचा नाही, नाव द्यायचे, समजा, ‘लंबक-काल’. जिथे उल्लेख हवा तिथे तेच नाव लिहायचे. पहिल्या फेरीत संगणक कोणत्या नावाला कोणता क्रमांक आला ते एका साहाय्यक फाइलीत टिपतो, दुसऱ्या फेरीत ते वाचून योग्य जागी भरतो. एकाच फेरीत हे का जमत नाही? पुढच्या पानावरील समीकरणाचा क्रमांक मागच्या पानावर असताना ठाऊकच नसतो.

शिक्षक म्हणतील, मुलांना एवढे कशाला? नेहमीच्या लेखनप्रणालीतही ही सोय आहे. खरे आहे, पण ती वापरतो कोण? शाळेच्या वार्षिकांकाची अनुक्रमणिका आपण अजून बोटाने पाने मोजून करतो. नववीच्या मुलांनी प्रकल्पाचा अहवाल चौघांत वाटून लिहावा आणि असा जोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीसाठी ‘झीटेक’ किंवा ‘लुआटेक’ घ्यावे आणि मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या टंकातला असेल, तर जोडण्यापूर्वीच बदलून घ्यावा.

यंदा आमच्या पुस्तिकेत तेरावा प्रयोग मधेच घातला. मुख्य फाइलीत एक ओळ वाढली, दोन फेऱ्या झाल्या, सारे क्रमांक आपोआप सरकले. एक सहकारी अजूनही आकडे हातानेच घालून पाठवतात. ते मी निमूटपणे खोडतो.