गुलाबी मिठाची जन्मपत्रिका

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री आईचा फोन. "अगं, येताना सैंधव आण. गुलाबीच आण हं, ते बीपीला चालतं म्हणे."

हे 'म्हणे' म्हणजे तिचा मॉर्निंग वॉकचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सुपरमार्केटमध्ये पाकीट उचललं, तर त्यावर हिमालयाची बर्फाळ शिखरं! कॉलेजात तीन वर्षं जिऑलॉजी करून आता एक्सेल शीट भरणारी मी तिथेच, रांगेत उभी, चिडले.

या मिठाचं नाव जगभर झालं ते खेवड्याच्या खाणीमुळे. ही खाण पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. (2025च्या मे महिन्यात तिकडची आयात पूर्ण बंद झाली, त्यामुळे माझ्या हातातलं पाकीट कुठलं, देव जाणे.) तिथलं मीठ सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा हिमालय जन्मायचा होता. होता तो एक उथळ, कोंडलेला समुद्र आणि वर रणरणतं ऊन.

हायवेवरून दिसायची ती भांडुपची मिठागरं आठवतात? तसंच, फक्त अवाढव्य. बाहेरून येणाऱ्या पाण्यापेक्षा वाफ जास्त झाली की समुद्र आटतो, पण सगळं एकदम खाली बसत नाही. आधी चुनखडी. पाणी साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरलं की जिप्सम, म्हणजे तुमच्या फ्लॅटच्या पीओपी सीलिंगचं मूळ! दहावा हिस्सा उरला की आपलं खायचं मीठ. अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे कडू क्षार.

आता गणित बघा. एक किलोमीटर खोल समुद्र पार आटवला, तरी क्षारांचा थर जेमतेम 15-16 मीटर. आणि भूमध्य समुद्राच्या तळाखाली तर काही ठिकाणी किलोमीटरहून जाड थर आहे, साधारण 60 ते 53 लाख वर्षांपूर्वीचा! म्हणजे एकदा आटून भागत नाही. नवं खारं पाणी आत येत राहायला हवं, वाफ होत राहायला हवी, आणि थर साचतील तसा तळही खचत जायला हवा. मग वर गाळ बसतो आणि मीठ पावसापासून वाचतं.

हिमालय आला तो फार नंतर. त्या रेट्यात हा मऊ थर वंगणासारखा सरकला आणि वरचे खडक घेऊन डोंगररांग उभी राहिली. गुलाबी रंग लोहाच्या गंजाचा. बाकी जवळपास सगळं सोडियम क्लोराइड, आपल्या रोजच्या मिठासारखंच. मुद्दाम घातलं नसेल तर आयोडीनही नाही.

हे सगळं आईला सांगितलं.

"म्हणजे बीपीला नाही चालत?"

"नाही गं. जास्त खाल्लंस तर हेही वाढवणारच."

"आणि एकादशीला?"

"एकादशीला चालतं."

साबुदाण्याच्या खिचडीत या वेळी अर्धाच चमचा पडला. अळणी लागत होती. दोघींनी मुकाट खाल्ली.