प्रवेश मिळाला, पंगतीचे काय?

लोकसभेत ४ डिसेंबर २०२३ रोजी शिक्षण राज्यमंत्री सुभाष सरकार यांनी दिलेल्या एका लेखी उत्तराकडे राजधानीतील राजकीय वर्तुळाने फारसे लक्ष दिले नाही. आदल्याच दिवशी चार राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल लागले होते आणि सर्वांचे डोळे तिकडे होते. बसपचे तत्कालीन खासदार रितेश पांडे यांच्या प्रश्नावरील त्या उत्तरानुसार, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांमधून अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गातील १३,६२६ विद्यार्थी बाहेर पडले. त्यांपैकी आयआयएममधील गळती ४४२ होती: इतर मागासवर्गाचे १६३, अनुसूचित जातींचे १८८ आणि जमातींचे ९१. विद्यार्थ्यांपुढे आज अनेक पर्याय असतात आणि ते एका संस्थेतून दुसरीकडे जातात, असे सरकारचे स्पष्टीकरण होते.

४४२ हा आकडा लहान वाटतो. परंतु आयआयएमची जागा म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. कित्येक घरांत त्या एका जागेसाठी दोन-दोन वर्षे पणाला लागतात. अशी जागा हाती आल्यावर ती सोडणाऱ्यांत अनुसूचित जातींची संख्या इतर मागासवर्गापेक्षा जास्त असावी, ही बाब अधिक खटकणारी आहे. कारण पहिल्यांना १५ टक्के जागा आहेत आणि दुसऱ्यांना २७ टक्के. निव्वळ ‘पर्यायांची उपलब्धता’ हे कारण असते, तर हे प्रमाण उलटे दिसायला हवे होते.

या प्रश्नाचा उलगडा संसद भवनात होत नाही. त्यासाठी बेहालाकडे पाहावे लागते. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला डायमंड हार्बर रोडच्या दुतर्फा पसरलेले हे उपनगर मराठी वाचकाला ठाऊक आहे ते सौरव गांगुलीमुळे. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या कित्येक पिढ्या येथे वाढल्या. तारातलापासून बेहाला बाजार, चौरास्ता, सखेरबाजार, ठाकुरपुकुर असे करीत हा रस्ता जोका येथे पोहोचतो. ३० डिसेंबर २०२२ रोजी त्याच्यावरून धावणाऱ्या मेट्रोचे उद्घाटनही झाले. जोका येथे १३५ एकरांच्या तळ्याकाठच्या परिसरात भारतीय व्यवस्थापन संस्था, कलकत्ता ही १९६१ साली स्थापन झालेली देशातील पहिली आयआयएम आहे. याच रस्त्याच्या पट्ट्यात बेहाला कॉलेज, विवेकानंद कॉलेज, सरसुना कॉलेज ही कलकत्ता विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. आसपासच्या सामान्य घरांतील मुले तेथे शिकतात. एकाच रस्त्यावरील या दोन शैक्षणिक जगांतील अंतर मेट्रोच्या स्थानकांनी मोजता येण्यासारखे नाही.

जोकाच्या फाटकापर्यंतचा मार्ग संसदेने मोकळा केला, याबद्दल दुमत नाही. २००५ अखेरीस मंजूर झालेली ९३वी घटनादुरुस्ती, त्यावर आधारलेला २००६ चा केंद्रीय शिक्षणसंस्थांतील आरक्षणाचा कायदा आणि १० एप्रिल २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशोककुमार ठाकूर खटल्यात त्यावर उमटवलेली मोहोर, हा इतिहास दिल्लीकर मराठी माणसाने जवळून पाहिला आहे. खुल्या जागा घटू नयेत म्हणून वीरप्पा मोईली समितीने एकूण जागा ५४ टक्के वाढवण्याचा तोडगा काढला. २०१९ च्या १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना १० टक्के जागा मिळाल्या. अपंगांसाठी किमान पाच टक्के जागा २०१६ च्या कायद्याने आल्या. संख्येपुरते बोलायचे तर जोकाची तुकडी देशाचे बऱ्यापैकी प्रतिबिंब असायला हवी.

अडचण फाटकाच्या आत सुरू होते. व्यवस्थापन शिक्षणाचे वेळापत्रकच निर्दय असते. विद्यार्थी जूनच्या सुमारास येतो आणि काही महिन्यांतच उन्हाळी प्रशिक्षणासाठी कंपन्यांच्या मुलाखती सुरू होतात. अनेकदा पुढची नोकरी तेथेच ठरते. या अवधीत अभ्यासगट बनतात, ज्येष्ठ विद्यार्थ्यांकडून अर्ज तपासून घेतले जातात, इंग्रजीतून युक्तिवाद करण्याचा सराव होतो. महानगरी इंग्रजी शाळेतून आणि नामांकित अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेल्या मुलाला हे नवे नसते. त्याच्या ओळखीचे चार जण तेथे आधीपासून असतात. बीड किंवा बांकुडा जिल्ह्यातून मातृभाषेत शिकून आलेली मुलगी मात्र हिशेबशास्त्राशी झगडत असतानाच तेथील न लिहिलेले नियमही शिकत असते. तिला कोणत्या गटात घेतले जाते, प्रवेशपरीक्षेतील गुण कोणी विचारतो का आणि कशासाठी विचारतो, मेसमध्ये ती कोणाबरोबर बसते, या गोष्टी कोणत्याही कायद्याच्या कलमात नाहीत. तिचे दोन वर्षांचे भवितव्य मात्र त्यांवरच ठरते.

महाराष्ट्राला हे सांगण्याची गरज पडू नये. शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला तो २६ जुलै १९०२ रोजी. परंतु कोल्हापुरातील व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये उभे राहिले होते. पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत गेली. नोकरीचे दार उघडण्याआधी मुलाच्या निवाऱ्याची, जेवणाची आणि सोबतीची व्यवस्था लागते, हे त्या राजाने ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. प्रवेशाला पंगतीची जोड दिल्यावाचून शिक्षण पचत नाही, हा धडा आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी गिरवला गेला. त्याच महाराष्ट्रात मे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी या आदिवासी विद्यार्थिनीचा मुंबईत अंत झाला, ही आपल्या विस्मरणाची किंमत आहे.

तडवी आणि हैदराबादचा रोहित वेमुला यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समतेविषयक नियमांची कागदावरील अवस्था उघड झाली. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधील भेदभावावर २००७ मध्येच अहवाल दिला होता. तो बासनात राहिला. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम अधिसूचित केले; त्यांवरून गदारोळ उठला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. खोट्या तक्रारींची भीती, खुल्या प्रवर्गाला संरक्षण नसल्याचा आक्षेप, हे मुद्दे सरसकट झटकून टाकण्यासारखे नाहीत. तक्रार झाल्यावर चौकशी कशी करावी, यावर मतभेद राहणारच. परंतु या साऱ्या वादात एक गोष्ट निसटते. आयआयएम अनुदान आयोगाच्या नव्हे, तर स्वतःच्या कायद्याने चालतात. जोकाच्या आत काय व्हावे, हे शेवटी त्या संस्थेच्या नियामक मंडळालाच ठरवावे लागणार आहे.

या संस्थांना ते जमत नाही, असेही नाही. वर्गात अभियंते आणि पुरुषच फार होतात, असे लक्षात आल्यावर अनेक आयआयएमनी निवडीत मुलींना आणि इतर शाखांच्या पदवीधरांना अधिकचे गुण देण्याची पद्धत स्वीकारली. ती कोणत्याही न्यायालयाने लादलेली नव्हती. वैविध्याने वर्गातील चर्चा समृद्ध होते, हे तत्त्व त्यांना तेव्हा पटले होते. मग तेच तत्त्व जातीच्या आणि भाषेच्या उंबरठ्याशी का अडखळते? अध्यापकांच्या नेमणुकांत तर ते दिसतही नाही. २०१९ च्या कायद्याने अध्यापक पदांना आरक्षण लागू झाल्यावर काही महिन्यांतच आयआयएमनी त्यातून सूट मागितली. आपल्यासारख्या घरातून आलेला एकही प्राध्यापक समोर न दिसणाऱ्या विद्यार्थ्याने संस्थेला आपले कसे म्हणावे?

याच बेहालात एका संस्थेने याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. लालबिहारी शाह यांनी १८९७ मध्ये स्थापन केलेली कलकत्ता अंधशाळा येथे आहे. शाह यांनी ब्रेल लिपी बंगालीसाठी घडवली. मुलांना दिसत नाही म्हणून त्यांना दोष न देता त्यांनी अक्षरच त्यांच्या बोटांपर्यंत आणले. समावेशाचा खरा अर्थ हाच आहे: विद्यार्थ्याने संस्थेच्या साच्यात बसावे, एवढ्यावर न थांबता संस्थेनेही आपले साधन बदलावे.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रकाश जावडेकर यांनी २०१७ मध्ये संसदेत पार पाडलेल्या आयआयएम कायद्याने या संस्थांना मोठी स्वायत्तता दिली. त्याचबरोबर संस्था जात, पंथ, वर्ग व लिंग न पाहता सर्वांना खुली असेल, असेही बजावले. दर तीन वर्षांनी त्रयस्थ तज्ज्ञांकडून मूल्यमापन करून घेण्याची आणि तो अहवाल जाहीर करण्याची तरतूद त्यात आहे. या मूल्यमापनात तीन गोष्टी घालाव्यात: प्रवर्गनिहाय गळती आणि तिची कारणे, पहिल्या सत्राआधीच्या पूर्वतयारी वर्गांची फलनिष्पत्ती, आणि उन्हाळी प्रशिक्षणाच्या संधींची प्रवर्गनिहाय वाटणी. विद्यार्थ्यांची नावे न देता हे आकडे प्रसिद्ध करता येतात. संस्थांचे वार्षिक अहवाल संसदेपुढे येतातच. त्यांत एका तक्त्याची भर पडली तर कोणाच्या स्वायत्ततेला बाध येणार नाही.

प्रश्न विचारणारे खासदार बदलतात, मंत्रीही बदलतात. ज्या संस्था उद्याचे उद्योग आणि प्रशासन चालवणारी माणसे घडवतात, त्यांनी आपल्या मेसमध्ये कोण एकटा बसतो हे पाहिले नाही, तर तीच सवय त्यांचे पदवीधर कार्यालयांत घेऊन जातील. आरक्षण देऊन सरकारने आपले काम केले, असे मानणाऱ्यांनी आणि आरक्षण दिले म्हणून गुणवत्ता बुडाली, असे म्हणणाऱ्यांनी ती ४४२ रिकामी आसने एकदा मोजावीत. त्यांतील प्रत्येक जागा प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊनच मिळवलेली होती.